उशाशी बसलेली बाई

प्रिय आई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, मी धडधाकट आहे. गुडघे सोडले तर. गुडघ्यांचं रडगाणं दर रविवारी फोनवर ऐकवतेच, ते इथे परत नको. पत्र लिहायला बसले कारण फोनवरचं आपलं बोलणं ठरलेलं आहे. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, दाराची कडी लावलीस का, बरं, ठेवते. दीड मिनिटाच्या वर तू मला कधी टिकू दिलं नाहीस आणि खरं सांगायचं तर मीही कधी टिकायला बघितलं नाही. आज जे सांगायचंय ते दीड मिनिटात मावणारं नाही. तेव्हा भिंग काढ, शिलाईच्या मशीनजवळच्या खुर्चीत बस आणि सावकाश वाच. मध्येच नकोसं झालं तर घडी घालून ठेव, उद्या वाच. पण फाडू नकोस.

आज सुट्टी आहे. माझ्या खोलीच्या खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तेही बंद आहे, त्यामुळे सकाळ एकदम गप्प आहे. पाच महिने झाले या खोलीत. एक पलंग, एक टेबल, एक शेगडी, आणि दोरीवर वाळत घातलेले माझे कामाचे कपडे, ज्यांना कितीही धुतलं तरी द्रावणाचा वास येतो. इतके महिने बाहेरगावी राहायची आता सवय राहिली नाही. पूर्वी मी कुठेही आडवी झाले की झोप लागायची. आता सकाळी उठले की आदल्या दिवशीचा थकवा पलंगाच्या काठावर माझी वाट बघत बसलेला असतो. सत्तावन्नाव्या वर्षी बाईने चार मजली परांचीवर चढू नये, असं डॉक्टर म्हणतो. त्याला म्हटलं, परांचीवर बसून करायचं काम आहे, चढायचं काम नाही. त्याला विनोद कळला नाही.

काम काय आहे ते तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. प्रार्थनाघराच्या मोठ्या भिंतीवर एक जुनं चित्र आहे. एका पवित्र पुरुषाचा देह जमिनीवर ठेवलेला आहे आणि त्याच्याभोवती अकरा माणसं शोक करतायत. तीनएकशे वर्षांचं चित्र. त्यावर दिव्यांची, धुपाची आणि माणसांच्या श्वासांची इतकी काजळी बसली होती की लोकांना वाटायचं रात्रीचं चित्र आहे. धुतल्यावर निघाली भर दुपार. मी आणि माझ्या हाताखालच्या दोन मुली कापसाच्या बोळ्यांनी ते वीत-वीत धुतोय. नाजूक जागी आम्ही काय वापरतो सांगू? थुंकी. हसू नकोस. थुंकीसारखं सौम्य द्रावण अजून कुठल्या बाटलीत मिळालेलं नाही. लहानपणी तू पदर जिभेला लावून माझ्या गालावरचा डाग पुसायचीस ना, त्याच कामाचा मला पगार मिळतो.

तीस वर्षांत अशी दुःखाची चित्रं मी पन्नासेक तरी धुतली असतील. आता त्यांचा मला थोडा वीट आलाय, हे कुणाला सांगता येत नाही, तुला सांगते. सगळीकडे तीच मांडणी. बाया पुढे, पुरुष मागे. बायांचे केस सुटलेले, हात वर गेलेले, तोंडं उघडी. पुरुषांची तोंडं बाहीत किंवा उपरण्यात. एक म्हातारा वर बघतो, जणू छत गळतंय. आणि एक जण हमखास आपल्याकडे बघत असतो, बघा हो बघा, काय झालं ते. चित्रकारांना रडणं काढता येत नाही, आई. उघडं तोंड काढलं की बाई गाणं म्हणतेय असं वाटतं. जे हुशार होते त्यांनी चेहऱ्याचा नाद सोडला आणि सगळं हातांत ओतलं. ही भिंत रंगवणाऱ्यानेही तसंच केलंय. पायांशी बसलेल्या बाईने मेलेल्याची टाच अशी धरलीय, जशी आपण कुणाला गाडीत चढू द्यायचं नसलं की बाही धरतो. ती टाच धुताना मात्र वीट वगैरे काही आठवला नाही.

आणि उशाशी त्याची आई बसलेली आहे. माझं घोडं तिथेच अडलंय.

हे चित्र मूळचं पूर्ण राहिलेलं नाही. भिंतीत ओल शिरून उशाकडचा भाग पार गेला होता. त्या आईचे खांदे, मान आणि अख्खा चेहरा गिलाव्यासकट गळून पडला. मग कधीतरी प्रार्थनाघराच्या समितीने एका रंगाऱ्याला बोलावून ती जागा भरून घेतली. असं सगळीकडे झालेलं आहे आणि असा नंतरचा रंग काढून टाकण्यावरच माझं पोट चालतं. आमची रीत अशी की जे मूळचं नाही ते काढायचं आणि उघडी पडलेली जागा बारीक उभ्या रेषांनी भरायची. दुरून बघणाऱ्याला चित्र सलग दिसतं, जवळ जाणाऱ्याला कळतं की इथे मूळ काही उरलेलं नाही. खोटं बोलायचं नाही आणि भोकही ठेवायचं नाही. ही रीत मी कॉलेजात शिकून आले तेव्हा बाबांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितली होती. तुझ्यासमोरच. तुम्ही रंगारी लोकांनी चित्रांची वाट लावलीत आणि आता ती आम्हाला निस्तरायचीय, असं म्हणाले होते मी. तू काज करत होतीस, मान वर केली नाहीस. बाबा हसले आणि म्हणाले, चला, म्हणजे तुला जन्मभर काम पुरेल. तेव्हा मला तो माझा विजय वाटला होता.

तर कामाच्या पहिल्या आठवड्यात मला अहवाल द्यायचा होता. काय ठेवायचं, काय काढायचं. मी दुरून फोटो घेतले आणि अंधार करून भिंतीवर जांभळा दिवा फिरवला. त्या दिव्यात नंतरचा रंग काळा दिसतो. उशाशी भला मोठा काळा डाग दिसला. वर काजळीचा थर होताच, खाली नाक-डोळे आहेत एवढंच कळत होतं. मी लिहून टाकलं, चेहऱ्याचा भाग अलीकडचा, हलक्या दर्जाचा, मूळ चित्राशी न जुळणारा, काढावा. खाली सही केली. समितीने मंजूर केलं. शिकाऊ मुलींना मी पहिल्याच दिवशी बजावते, आधी धुवा, मग तोंड उघडा. आणि मी स्वतः न धुताच निकाल देऊन बसले. कंटाळा होता, दुसरं काही नाही. पन्नास चित्रांत जे निघालं तेच एक्कावन्नाव्यात निघणार, असं धरून चालले.

दीड महिन्यापूर्वी त्या चेहऱ्यापाशी पोचले. काढायच्या आधी आम्ही त्याही भागाची काजळी धुतो, नोंदीसाठी फोटो लागतो. हनुवटीपासून सुरुवात केली. खालचा ओठ दातांखाली घेतलेला, डाव्या बाजूने जरा जास्त. मग गाल. गालांवर अश्रू होते, दोन्हीकडे तीन-तीन, शर्टाच्या बटणांसारखे एका ओळीत आणि एका मापाचे. त्यांचा रंग वेगळा होता, वर नुसता चिकटवल्यासारखा, बोळा फिरवताच सुटायला लागला. चेहरा काढणाऱ्याचा हात तो नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. अश्रू निघाले आणि खाली कोरडा गाल आला. मग डोळे आले. त्या अकरा जणांत एकटी ती रडत नाहीये, आई. ती मेलेल्याकडेही बघत नाहीये. मांडीवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघतेय, ते कुणाचे आहेत ते आठवत नसल्यासारखी. डाव्या भुवईत मध्येच केस नाहीत, गव्हाच्या दाण्याएवढी फट आहे.

तरीही मी स्वतःला समजावलं, की भुवयांत फटी असतात बायांच्या. खालचा ओठ चावणाऱ्याही पुष्कळ असतात. मग खांद्याशी आले. खांद्यावर कपड्यात एक सुई खोचलेली होती आणि तिच्यातून बोटभर पांढरा दोरा लोंबत होता.

तीनशे वर्षांपूर्वीच्या पवित्र चित्रात, देवाच्या माणसाच्या आईच्या खांद्यावर, दोरा ओवलेली सुई. मी बोळा खाली ठेवला. मुलींना म्हटलं, जा, चहा पिऊन या. त्या गेल्यावर परांचीच्या फळीवर बसून मी इतकी रडले की नाकातलं पाणी हातमोज्यांना पुसलं, ज्याबद्दल मी मुलींना हाकलून दिलं असतं.

कारण ती सुई मला माहीत आहे. मी नऊ वर्षांची होते, पाठचा ढब्बू चारचा. तू ढब्बूच्या सदऱ्याला हातशिलाई घालत होतीस तेव्हा त्याचा ताप एकदम चढला. तू सुई खांद्यावर खोचलीस आणि त्याला उचललंस. ती पुढे तशीच राहिली. तू त्याला दवाखान्यात नेलंस तेव्हा होती, त्याला परत आणलं तेव्हा होती, घर माणसांनी भरलं तेव्हा होती आणि घर रिकामं झालं तेव्हाही होती. मला सारखं वाटायचं की तू वळलीस तर ती तुला टोचेल. काढावी असं रोज ठरवायचे आणि तुझ्याजवळ यायला घाबरायचे. मला वाटत होतं ती सुई फक्त मला दिसली होती. अठ्ठेचाळीस वर्षं वाटत होतं.

बघ, ढब्बू म्हणून लिहून गेले. त्याचं खरं नाव अजून माझ्या हातून उतरत नाही. आपल्या घरात ते कुणीच घेतलं नाही, बंदी कुणी घातली होती कोण जाणे. आणि बाबांबद्दल तू जन्मभर एकच वाक्य बोललीस. कुठल्याही भांडणात, गळक्या नळावरून असो की माझ्या लग्नावरून, शेवटी तिथेच यायचीस. चौथ्या दिवशी पेटी उचलून गेला. बाबा तेवढ्यावर उठायचे. बाहेर जाऊन उभे राहायचे. ते गेल्यावरसुद्धा, लोक भेटायला आले तेव्हा, तू त्यांच्या फोटोकडे बघून तेच म्हणालीस आणि आत निघून गेलीस.

मला आता कळलंय ते रंगांची पेटी उचलून कुठे गेले होते. मला वाटतं, गाव तुला माहीत होतं. या कामाचं नक्की झालं तेव्हा मी फोनवर तुला गावाचं नाव सांगितलं, तर तू गोळ्यांचं न विचारताच फोन ठेवलास. मी समजले की तुझं डोकं दुखतंय.

प्रार्थनाघराच्या किल्ल्या सांभाळणारे एक काका आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गेली पन्नास वर्षं रोज पहाटे तेच दार उघडतात. मी त्यांना रंगाऱ्याबद्दल विचारलं, माझा कोण ते न सांगता. त्यांना सगळं आठवत होतं, कारण तेव्हा तिथे बरीच बोलाचाली झाली होती. त्यांनी सांगितलं की रंगारी दोन महिने येऊन-जाऊन काम करत होता. खांदे केले, मान केली, वस्त्र केलं आणि चेहऱ्यापाशी अडून बसला. रोज कोळशाने काढायचा आणि रोज पुसायचा. मग घरून निरोप आला म्हणून घाईने गेला. दहा-बारा दिवसांनी परत आला तो दाढी वाढलेली, कुणाशी बोलेना. परांचीवर चढला आणि तीन दिवस उतरला नाही म्हटलं तरी चालेल. काका खालून डबा वर चढवायचे, तो तसाच खाली यायचा. तिसऱ्या दिवशी समितीची मंडळी बघायला आली आणि त्यांचे चेहरे उतरले. सगळ्या जगाला रडवणारं हे चित्र आणि प्रत्यक्ष आईच्या डोळ्यात टिपूस नाही, हा अपमान आहे म्हणाले. अध्यक्षांनी विचारलं, ही रडत का नाही? काका सांगतात, रंगारी ब्रश पुसत पुसत म्हणाला, “हिचं रडणं अजून सुरूच झालेलं नाही.”

दोन थेंब काढ आणि काम संपव, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. त्याने ऐकलं नाही. पेटी भरली आणि निघून गेला. नंतर दुसऱ्या कुणाकडून तरी ते सहा अश्रू लावून घेतले. काकांनी हे सगळं सांगून वर मला विचारलं, का हो बाई, तुमच्या ओळखीचा होता का? मी म्हटलं, एकाच धंद्यातले आहोत.

आई, मी बाबांची वकिली करायला बसलेली नाही, हे नीट वाच. त्यांनी जायला नको होतं. काहीही झालं तरी नको होतं. त्या तीन दिवसांत मी नऊ वर्षांची पोर स्टुलावर चढून अन्न शिजवत होते, हात भाजून घेतला होता आणि तो दाखवायला घरात कुणी नव्हतं, कारण तू होतीस पण नव्हतीस. तो राग माझा मला आहे आणि भिंतीवरचा चेहरा बघून तो गेलेला नाही. शिवाय त्यांनी जे केलं तेही साधं नव्हे. पोटचं मूल जाऊन चार दिवस झालेली बायको समोर बसलीय आणि हा माणूस तिची भुवई बघतोय, ओठ बघतोय, सुई बघतोय. मी त्याच धंद्यातली आहे म्हणून मला माहीत आहे, तसं बघणं आम्हाला थांबवता येत नाही. पण त्याबद्दल कधीतरी तोंड उघडून दोन शब्द बोलावेत की नाही? बहुतेक त्यांना बोलताच आलं नसेल. काय म्हणणार होते? तुझा चेहरा घेऊन गेलो होतो, असं?

एक मात्र खरं की त्यांना दिसलं होतं. आम्हा बाकीच्यांना दिसलं नव्हतं. आत्या तेव्हा स्वयंपाकघरात शेजारणीला म्हणाली होती की एवढं पोरगं गेलं तरी डोळ्यात पाणी नाही, दगड आहे नुसता. मी दाराआड उभी होते. मी ते खरं मानलं, आई. नऊ वर्षांच्या मुलीला दुसरं काय कळणार, असं म्हणून स्वतःला सोडून देता आलं असतं, पण मी ते पंचविशीतही मानत होते आणि चाळिशीतही. आपले फोन दीड मिनिटाचे का असतात, त्याचं निम्मं कारण तिथे आहे. निम्मं तुझ्याकडे असेल, ते मला माहीत नाही.

खरं तर मला कळायला हवं होतं. तो गेल्याच्या दुसऱ्या वर्षी शाळेचा माणूस यादी घेऊन दारात आला होता, पाच पूर्ण झालेली मुलं नोंदवायला. तुला आठवतं? मी ओट्याशी पाटी पुसत होते. त्याने विचारलं, या घरात पाच वर्षांचं कुणी आहे का. तू नाही म्हणालीस. त्याला पाणी दिलंस, भांडं परत घेतलंस, दार लावलंस आणि तिथेच दारामागे जमिनीवर बसलीस. संध्याकाळपर्यंत बसलीस. आवाज नव्हता, पण तुझी पाठ दारावर आपटत होती. मी पुढे आले नाही. गृहपाठ करत बसले, सगळी गणितं बरोबर आली. तेव्हा सुरू झालं होतं ना तुझं? बाबा त्या दिवशीही कामावरच होते.

आता कामाचं सांगते, म्हणजे घोडं कुठे अडलंय ते कळेल. माझ्याच सहीच्या अहवालाप्रमाणे तो चेहरा काढायचा आहे. परांची या महिनाअखेर उतरणार. सगळं संपलं, तेवढं एकच उरलंय आणि मी दीड महिना चालढकल करतेय. कधी त्या टाचेवरून परत बोळा फिरवते, कधी म्हाताऱ्याची दाढी तिसऱ्यांदा धुते. मुलींना वाटतं बाईंचं वय झालं. शेवटी मागच्या मंगळवारी समितीच्या अध्यक्षबाईंकडे गेले. माझा अहवाल चुकला, चेहरा काढू नये, असं सांगितलं. कारण विचारलं, तेव्हा खोटं बोलायचं त्राण नव्हतं. सगळं सांगितलं. बाबा, तू, तो.

मला वाटलं होतं त्या मला कामावरून काढतील. घरच्या माणसाच्या कामावर आपणच निकाल द्यायचा नसतो, आमच्यात ते मोठं पाप आहे. झालं उलटंच. त्या ऐकता ऐकता पुढे सरकून बसल्या, डोळे भरून आले त्यांचे. म्हणाल्या, हा चेहरा काढायचा प्रश्नच येत नाही, हाच तर या भिंतीचा प्राण आहे. मग त्यांचं सुरू झालं. खाली पितळी पाटी लावू, रंगाऱ्याचं नाव, त्याच्या पत्नीचं नाव, गेलेल्या मुलाचं नाव. उद्घाटनाला वर्तमानपत्रवाले बोलावू. आईंना आणता येईल का, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवू, चेहऱ्याखाली त्यांचा एक फोटो घेता आला तर लोक किती हेलावतील. बाई वाईट नाहीत, मनापासून बोलत होत्या. मी मान हलवत बसले होते. 

रस्ताभर मी एकच विचार करत होते. चेहरा वाचवायला गेले आणि तुलाच बाजारात उभं करून आले. तू, जी लग्नाच्या फोटोतसुद्धा खाली बघतेस. जिने पंचेचाळीस वर्षं लोकांच्या कॉलरी शिवल्या आणि कपडे न्यायला आलेल्या माणसांना दाराच्या आत घेतलं नाही. आधी नवऱ्याने चेहरा नेला, मग कुणीतरी वर सहा अश्रू चिकटवले, मग मुलीने हलक्या दर्जाचं म्हणून सही केली आणि आता तीच मुलगी पाटीवर तुझं नाव घालायला निघालीय. अठ्ठेचाळीस वर्षं जो तो त्या चेहऱ्याचं काहीतरी ठरवतोय. मीसुद्धा दीड महिना फळीवर बसून तेच ठरवत होते, ठेवू की पुसू, जणू तो माझाच आहे.

म्हणून हे पत्र. अध्यक्षबाईंकडून मी वीस तारखेपर्यंत मुदत मागून घेतलीय आणि पाटीबद्दल तोवर एक अक्षरही बोलायचं नाही, असं कबूल करून घेतलंय. तू ठेव म्हणालीस तर चेहरा राहील, कुणाचा ते न सांगता, पाटी नाही, फोटो नाही. मी अहवालात ‘अज्ञात रंगारी, काम उत्तम’ एवढंच लिहीन आणि ते खोटं ठरलं तर माझं मी बघेन. तू पूस म्हणालीस तर मी स्वतः पुसेन, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही, आणि त्या जागी रेषा भरेन. का, ते तू सांगायची गरज नाही. त्या चेहऱ्याचा एक फोटो काढून ठेवलाय. तो या पाकिटात घातला होता, मघाशी परत बाहेर काढला. तुला बघायचाय की नाही तेही तूच सांग. रागावून फोन केलास तरी चालेल, कितीही वेळ बोल. नुसता एक शब्द कार्डावर लिहून टाकलास तरी पुरे. तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं, आई. मी विचारतेय.

उत्तराची वाट बघणारी, तुझीच,
थोरली